चारचौघांत भावोजी, मागीलदारी वन्सं

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत, तरी माफी मागते. कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी हे पान हातात धरून म्हटलं असतं, "कोंबडी चालून गेली की काय गं यावरून?"

त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मागीलदारी सुपारी सोलत होते. आमचे मालक इस्पितळातून आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "मधू गेला. पानी तापव." गावाला ठाऊक होता तो हाच मधू... मालकांचा धाकटा भाऊ, श्रीवर्धनात सुपारीच्या वखारीत हिशेब लिहिणारा, बिनलग्नाचा. माझा दीर. चारचौघांत मी त्यांना भावोजी म्हणायची. मागीलदारी आम्ही दोघीच असलो की वन्सं म्हणायची, नणंदेला म्हणतात तसं.

ते असं झालं. वखारीतून आले की भावोजी माझ्याजवळ बसून काहीबाही लिहायचे आणि मला वाचून दाखवायचे. एकदा भावाच्या घरात राहणाऱ्या एका बाईची गोष्ट वाचली. सगळे तिला कामं सांगायचे, पण तिच्या नावाने तिला कुणी हाक मारायचं नाही. मी विचारलं, "ही कोण हो?" ते म्हणाले, "मी." आणि माझ्याकडे बघत राहिले, मी आता हसते की ओरडते ते बघायला. मी हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली. मग विचारलं, "वन्सं, चहा ठेवू?"

त्यांनी स्वतःचं नाव शालन ठेवलं होतं. त्या नावाने गोष्टी छापून यायला लागल्या. त्या मायाळू होत्या असं मी लिहिणार नाही. जिभेला आडकित्त्याची धार होती. "वहिनी, तुझ्या कालवणात मासा दुसऱ्यांदा मेला," असं ताटावर बसून म्हणायच्या आणि वर भात मागायच्या.

अलिबागच्या एका संस्थेने शालनला बक्षीस जाहीर केलं, पैसे आधीच पाठवले आणि समारंभाला बोलावलं. वन्सं म्हणाल्या, "तू जा शालन म्हणून."

"मी? मला काय येतंय?"

"माझ्याकडे बाईचं तोंड नाही, तुझ्याकडे शब्द नाहीत. दोघी मिळून एक बाई होते."

त्यांनी चोरून एक जांभळी साडी घेतली होती, स्वतःसाठी. कधी नेसल्या नव्हत्या. ती मला नेसवली. निऱ्या घातल्या आणि पदर एवढ्या जोरात ओढला की माझा खांदा सोलवटला. "अशी आखडू नको. कुणाची बायको म्हणून बसू नकोस, बाई म्हणून बस."

व्यासपीठावर मी मान खाली घालून बसले. लोकांना ते फारच आवडलं. "किती साध्या आहेत!" एक बाई माझ्या हातावरचे सुपारीचे डाग दुसरीला दाखवत होत्या, देवळातलं काही दाखवावं तसं. वन्सं शेवटच्या रांगेत, माझी पिशवी मांडीवर घेऊन. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या गोष्टीतल्या दोन ओळी तुमच्या तोंडून ऐकू द्या." मी अक्षराखाली बोट धरलं. एकेक अक्षर लावत निघाले आणि एका जोडाक्षराला अडकले. कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी खोली. तेवढ्यात मागून आवाज आला. वन्सं उभ्या राहिल्या होत्या. मी थांबले तिथून पुढे, शेवटापर्यंत, हातात कागद नसताना म्हणत गेल्या. हसणं थांबलं. मग एकाने विचारलं, "म्हणजे हा लिहितो होय?"

येताना एसटीत मी म्हटलं, "माझ्यासाठी उभ्या राहिलात."

"तुझ्यासाठी कशाला? माझं वाक्य मोडत होतीस तू."

घरी आल्यावर वन्संनी साडी हुंगली. "आता हिला तुझा घाम," म्हणाल्या आणि माझ्या अंगावर टाकली. पुन्हा हात लावला नाही.

पुरुषाने बायकांचं दुःख चोरलं, असं पेपरात आलं. बाजारातली पोरं वखारीसमोर उभी राहून ओरडायची, "शालन, सुपारी देतेस काय?" वखारीतली नोकरी गेली. मालकांनी त्यांचं ताट पडवीत मांडायला लावलं. बक्षिसाच्या पैशातून आमच्या घरावर पत्रे आले होते. त्याच पत्र्यांखाली ते ताट. मग संस्थेचं पत्र आलं, की शालन नावाची बाईच नाही, तेव्हा मधुकरने पैसे परत करावेत. वन्सं हसल्या. "नाही ती, तर दिले कुणाला?"

वन्सं बायकांच्या रांगेत बसून मजुरीने सुपारी सोलू लागल्या. पैसे जमवून अलिबागला गेल्या आणि तसेच घेऊन परत आल्या. संस्थेला मधुकरची सही हवी होती. "देणं शालनचं आहे. मधुकरने कधी काय लिहिलं?" पैसे तांदळाच्या डब्यात राहिले. आजारपणात मी औषधाला काढायला गेले तर म्हणाल्या, "हात लावलास तर मेल्यावर मानगुटीवर बसेन. माझ्या नावाने फेडायचे. फेडले तर मी होते."

देह घरी आला. मानेवर रुळणारे केस कुणीतरी कात्रीने भराभर कापले, नीट दिसावं म्हणून. मी जांभळी साडी घालायला आणली, तर मालकांनी हिसकून माझ्या तोंडावर फेकली. "माज्या भावाला लुगडं? लाज हाय का न्हाय?" तिरडी बांधणारे दोघे गालात हसले. धोतर नेसवून नेलं.

तेरावं झालं. माहेरी जाते सांगून मी तीच साडी नेसले, तांदळाच्या डब्यातले पैसे पदराला बांधले आणि एसटीत बसले. मला ती शोभत नाही, हे वन्सं नक्की म्हणाल्या असत्या. संस्थेत नवा कारकून होता, त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. बाकावर चार माणसं बसलेली. त्यांत एक बाई मला निरखून बघू लागली... कदाचित साडी ओळखली असेल. कारकुनाने विचारलं, "कोणाच्या नावावर जमा करायचे?"

पदराची गाठ सोडत मी हळूच म्हटलं,

"शालन."

"मोठ्याने सांगा. तुमच्या कोण त्या?"

बाकावरची बाई तोंडाला पदर लावून हसली.

मी मोठ्याने सांगितलं, "माझ्या नणंद होत्या. वारल्या."

त्याने मान वर न करता लिहिलं, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि खण बंद केला.

"पूर्ण आले," म्हणाला. "शालनबाईंकडे आता काही बाकी नाही."