मामांचा सलोखा

शांतता मोजता येते, अशी खात्री असलेला माणूस मला एकच भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे मामा गारखेड्यात राहतात. लग्नात जेवायला बसले की अक्षतांपासून पहिल्या पंगतीपर्यंत किती पाहुणे रुसले याचं प्रमाण सांगतात. अशा माणसाला एका संस्थेनं काम दिलं: दोन मोहल्ल्यांच्या मधल्या बालवाडीमुळे वस्तीत सलोखा वाढतो का, ते मोजून सांगा. मामांना आभाळ ठेंगणं झालं.

पहिल्याच दिवशी त्यांनी एका आईला विचारलं, "शेजाऱ्यांवर विश्वास किती? एक ते पाचमध्ये सांगा."

"पाच द्या की. लई चांगले हायेत," ती म्हणाली. "फकस्त नळाला पाणी आल्यावर इचारू नका."

पुढे एक पोरगं दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावलं, तर मामा घड्याळ काढून उभे. "थांबा, पुन्हा एकत्र खेळायला किती वेळ लागतो ते बघू!" बालवाडीच्या ताई ओरडल्या, "सर, आधी हळद आणा!"

एके दुपारी शहरात कसलीशी अफवा उठली आणि भराभर शटरं पडली. आया धावत येऊन पोरं नेऊ लागल्या. ओवी आणि तिची मैत्रीण सना, दोघीच राहिल्या. ओवीची आई धुण्याभांड्याच्या कामावर, दूर अडकलेली. मामा कासावीस होऊन दारात येरझारा घालत होते. तेवढ्यात सनाची अम्मी आली. तिनं दोघींचे हात धरले आणि तिथूनच ओवीच्या आईला फोन लावला. "बाजी, ओवी मेरे पास है. आरामसे आव."

संध्याकाळी ओवीची आई आली. पलीकडच्या मोहल्ल्यात ती कधी गेली नव्हती. मामा सोबत गेले. आत दोन्ही पोरी एका चादरीत झोपलेल्या. ओवीची आई भिंतीला टेकून बसली आणि रडू लागली. सनाच्या अम्मीनं चहा ठेवला.

रात्री मी फोनवर विचारलं, "मग मामा, आज सलोखा किती?"

"जावईबापू," ते म्हणाले, "हे कुठल्या रकान्यात लिहू, कळंना बघा."

जूनमध्ये सना उर्दू शाळेत गेली, ओवी मराठी शाळेत. त्या दिवशी मामा आमच्याकडे आले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "रविवारी दोघींना दौलताबादला नेतोय. आयांनीच ठरवलंय. डबे त्याच आणणार."