उभ्या गाडीची गर्जना

स्नेहलतागंज मोहल्ल्यात आमच्या समोर राहणारे काका रोज सकाळी काळी टोपी घालून आपल्या मोटारीत बसायचे, गिअर न टाकता दणकून रेस द्यायचे आणि उतरून चहा प्यायला जायचे. बाजारात मात्र टांग्यानं जात; गर्दीत गाडीला ओरखडा पडला तर? संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आलं, काकांची संस्थानी कचेरी गेली, पण गल्लीला दचकवायचा अधिकार त्यांनी सोडला नव्हता.

मी मोटारींच्या वर्कशॉपात नोकरीला. नेहमी सांगायचो, "काका, लोड नसताना, त्यात थंड इंजिनाला अशी रेस देऊ नका. तेल पोचायच्या आत आतले भाग घासतात."

"अरे भिया," ते म्हणायचे, "बैठे-बैठे तर माणूसही खराब होतो. इंजिनाचं काय घेऊन बसलास!" आणि आणखी जोरात पाय दाबायचे.

एकदा काका तापानं अंथरुणाला खिळले. सकाळी गल्ली चिडीचूप. दूधवाल्यानं खिडकीखालीच मला विचारलं, "काका साब चल बसे क्या?" काका खरंच गेले की काय, म्हणून मी धावत त्यांच्या खोलीत वर गेलो. काकांनी ते ऐकलं होतं. उशीखालून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "जा, गाडी सुरू कर. लोगों को पता चलने दे."

मी गाडीत बसलो आणि सगळी अक्कल गुंडाळून पाय दाबला. खिडक्या उघडल्या. दूधवाला हसला. तेवढ्यात वरून, घोंगडी पांघरलेले काका खिडकीतून ओरडले, "अरे गधे, हळू! इंजिन खराब करशील!"