सासूबाईंच्या पानातली शेपू

परवा नदीकाठच्या घाटावर सासूबाईंची दशक्रिया झाली. पान मांडलं, सगळे मागे सरकले... आणि कावळा काही शिवेना.

पानात सगळं त्यांच्या आवडीचं होतं. शेपूची भाजी तर मी मुद्दाम पहाटे उठून केलेली. कढईत उरलेली शेपू नेहमी सासूबाईच भाकरीने पुसून खायच्या, म्हणजे आवडतच असणार ना...

मग एकेक जण हात जोडून शब्द द्यायला लागला. नवऱ्याने बहिणीला सांभाळीन म्हटलं, दिरांनी बांधाचा वाद सोडतो म्हटलं. कावळे आपले बाभळीवरच. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तरी मीही हात जोडले.

शेवटी पेठच्या मावशी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहीण, पानाजवळ गेल्या.

"शेपू कुणी वाढली? अक्काला तिचा तिटकारा व्हता. वासानंच मळमळायचं तिला."

मी म्हटलं, अहो मावशी, त्या तर नेहमी खायच्या. फार तर नावडती असेल.

"नावड येगळी, बाई. नावडतं ते माणूस नाक मुरडून खातं. तिटकारा म्हंजी अंगच मागं सरतं. खाल्ली आसल तर वाया जाऊ नाय म्हणून."

त्यांनी भाजी उचलून बाजूला ठेवली. थोड्या वेळाने एक कावळा उतरला, दहीभात घेऊन गेला. भाजी काढली म्हणून की आम्ही लांब गेलो म्हणून, देव जाणे. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझा काही पडला नाही.

आमच्या घरात तिटकारा हा शब्द अगदी स्वस्त आहे हो... लेकाला दुधीचा तिटकारा, नवऱ्याला पाहुण्यांचा, मला सकाळच्या अलार्मचा. सासूबाईंच्या तोंडून मात्र तो कधी ऐकला नाही. कुणी विचारलंही नाही.

लग्न होऊन वारूळवाडीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी लाडात सांगितलं होतं, मला शेपू लई आवडते. तेव्हापासून दर आठवड्याला व्हायची. फोडणीत भाजी टाकली की सासूबाई नाकाला पदर लावून मागच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

मला वाटायचं, मिरचीचा ठसका लागला असेल...