मधलं घर

काका दारात उभं राहिल्यावर आधी चपला काढायचे आणि मग बेल वाजवायचे. मी एकदा म्हटलं, "काका, आत घेतील की नाही हेच माहीत नसतं." ते म्हणाले, "काढलेल्या चपला दिसल्या की दार लावून घ्यायला माणूस जरा लाजतो, ताई." तुमच्याही दारात कधी असा कुणी फॉर्म घेऊन आला असेल, आणि 'आम्हाला काही नको' म्हणून तुम्ही त्याला परत पाठवलंही असेल.

बेलापूरच्या एका लहानशा संस्थेत आम्ही एकत्र होतो. ठरलेल्या घरांत दर वर्षी जायचं, घरात वर्षभरात काय आलं ते विचारायचं. त्यावरून जिल्ह्यातल्या मधल्या घराचं उत्पन्न काढायचं आणि मागच्या वर्षांशेजारी मांडायचं. काका घरं फिरायचे, मी त्यांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे.

सरासरी का नाही काढत, असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"ऐरोलीच्या टॉवरमधला एक साहेब घ्या आणि तळवलीच्या चाळीतली आठ घरं घ्या," काका म्हणाले. "सरासरी काढली तर नऊही घरं सुखात. त्यापेक्षा रांगेत उभी करा आणि मधल्या घराला विचारा, बाई, तुझं कसं चाललंय."

शिकायला म्हणून मी त्यांच्याबरोबर सारसोळ्याला गेले होते. तिथल्या एका मावशींकडे ते कितीतरी वर्षं जात होते. मावशी मासळी विकायच्या, घरची एक होडीही होती. त्यांनी पुढे केलेल्या खुर्चीवर काका कधी बसले नाहीत. खाली मांडी घालून लिहायचे.

"होरी इकली," मावशी म्हणाल्या. "आता पोराचा पगार हाय, तोच लिवा."

पुढच्या वर्षी पोराची नोकरी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तो घरात झोपून असायचा, कुणाशी बोलायचा नाही. काका दर वर्षी आधीपेक्षा कमी आकडा लिहून आणत. त्या दिवशी मग त्यांचा डबा तसाच घरी जाई.

एकदा मावशींनी त्यांना विचारलं, "दर साली लिवून नेताव तुमी. त्याचा पुढं काय व्हतं?"

"वर पाठवतो, मावशी."

"आनि वरून खाली काय येतं?"

हे मला काकांनीच सांगितलं. "काय उत्तर दिलंत?" असं मी विचारलं, तर ते चष्मा पुसत बसले.

मग एका वर्षी मावशींच्या घराला कुलूप दिसलं. काका सात वेळा जाऊन आले. सातव्या वेळी शेजारणीने सांगितलं की पोराने जीव दिला, आणि मावशी लेकीकडे उरणला गेल्या त्या परत आल्या नाहीत.

आमच्याकडे नियम होता. घर बंद असेल तर मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा आणि जिल्ह्याच्या वाढीच्या दराने वाढवायचा. मी तसं केलं. काका माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"वाढलं?" त्यांनी विचारलं.

"आपोआप वाढतं, काका."

"माणूस गेला त्या घरातही?" ते म्हणाले, "रिकामं ठेवा, ताई."

मी ठेवून पाहिलं. रिकामी जागा कॉम्प्युटर घेईना. घर मोडलं असं लिहायला रकाना नव्हता. शेवटी मी तो वाढलेला आकडा पक्का केला. त्या दिवशी काका पाणी प्यायलाही माझ्या टेबलाकडे आले नाहीत.

त्यांनी आमच्या संस्थेच्या साहेबांना पत्र लिहिलं, की ती नोंद काढून टाका. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. "काका, एका घराने काय फरक पडतो? टेन्शन घेऊ नका," असं म्हणाले. पुढच्या वर्षापासून घरोघरी जाणं बरंच कमी झालं, बाकीचं कॉम्प्युटर अंदाजाने भरू लागला. काकांचं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. कुणी त्यांना निरोपही दिला नाही, कारण ते घरं फिरायला गेले असतील असंच सगळ्यांना वाटत होतं.

काम सुटल्यावरही ते काही महिने घरं फिरत होते, असं काकू म्हणाल्या. फॉर्म नाही, ओळखपत्र नाही. नेरुळच्या एका सोसायटीत वॉचमनने त्यांना हाताला धरून गेटबाहेर काढलं. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते घणसोलीच्या त्यांच्या खोलीत. अंथरुणावर पडलेले, दाढी वाढलेली. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"सारसोळ्याची ती नोंद काढली का?"

"काढली, काका," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. सगळं आयुष्य लोकांच्या दारात बसून उत्तरं ऐकलेला माणूस. खोटं उत्तर त्यांना ऐकताक्षणी कळायचं. पण समोरच्याला त्यांनी कधी खोटं पाडलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.