केओचा तिसरा रांजण

...अगं, ती अळी काढून टाक बाजूला आणि लिही पुढं. एवढं काय तोंड वाकडं करतेस, मालिस? मिठात जन्मलेली अळी ती. मिठात मुरवलेल्या मासळीत, प्राहोकात, अळी दिसली नाही ना, की मलाच शंका येते, ह्यात कुणी औषध तर नाही मारलं? तुमच्या शहरात बरणीतला मिळतो, गुळगुळीत, ना वास ना चव. मासा कुजवायचा तर कुजवायचा, त्यात लाजायचं काय? मिरची दे इकडं. वांगी चिरून झाली का? कच्चीच ठेव, प्राहोकाबरोबर कच्चंच वांगं लागतं.

हां, तर केओ. थोनची बायको, आमच्या शेजारची. तू तिला बघितलेलं नाहीस. ही थोराड बाई! पाय असे, फळीसारखे. थंडीत तळ्याचं पाणी उतरलं, की बारीक चंदेरी मासळी खाली यायची आणि काठावर आम्ही बायका मुंडकी उडवत बसायचो. पहाटेपासून खचाखच, खचाखच. मीठ बोटांच्या भेगांत शिरायचं. रक्त माशाचं का आपलं, काही कळायचं नाही. मग ते मासे टोपलीत भरायचे, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि पायांनी तुडवायचे, आतली चरबी सुटेपर्यंत. पाण्यावर तेलाचा तवंग, आतडी तरंगतायत, आणि वास असा की कुत्रं ओकेल. त्यात आम्ही हसायचो, खायचो, पोरांना पाजायचो.

केओ सगळ्यांत भारी तुडवायची. नव्या सुना दमल्या की ओरडायची, "अगं, नवऱ्याचं थोबाड डोळ्यांपुढं आणा, मासा लगेच मऊ पडतो!" थोन शेजारीच उभा असायचा. तो म्हणायचा, "म्हणून हिचा प्राहोक गावात एक नंबर."

त्या साली तिच्याकडं तीन रांजण भरले होते. शेत नाही, रेडा नाही. दोन रांजण भातवाल्यांच्या गाड्या आल्या की तांदळावर द्यायचे आणि तिसरा घरात खायला. पुढचं सगळं पावसाळ्याचं पोट त्या तीन रांजणांत. थोनची म्हातारी आई, थोन, केओ आणि त्यांची झोळीतली पोर सारिम, एवढी माणसं.

आता आमच्याकडं पूर्वापार चालत आलेलं असं, की ठेकेदाराच्या जाळ्यातून मासळी उपसताना टोपलीबाहेर जे सांडेल ते वेचणाऱ्या बाईचं. कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण कुणी मोडतही नव्हतं. त्या साली तळ्याचा तुकडा नव्या ठेकेदाराकडं गेला. त्यानं बंदूकवाले राखणदार आणले. त्यांचा म्होरक्या प्रोम. मान नव्हतीच त्याला, खांद्यांवरच डोकं बसवलेलं.

पहिल्यांदा थोन सापडला. सांडलेली मासळी बायकोच्या टोपलीत भरू लागत होता. प्रोम म्हणाला, "बाई वेचते म्हणतोस, मग तू कोण? लुगडं नेस की!" थोन हसला बिचारा. त्याला वाटलं, थट्टा आहे. तेवढ्यात बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यावर बसला. आवाज मी ऐकला, सुकं लाकूड मोडावं तसा. खाली पडल्यावरही मारत होते. आम्ही सगळ्या कोयते हातात धरून बसलेल्या, आणि एकीचाही हात उठेना. दात चिखलात पडले, ते केओनं पदरात गोळा केले. कशाला केले, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोम आणखी दोघांना घेऊन घराशी आला. आमची घरं उंच खांबांवर, तर रांजण घराखाली, खांबांच्या सावलीत ठेवलेले.

"ए जाडे, ही मासळी मालकाची आहे."

केओ म्हणाली, "मालकाची असेल तर नाव विचार की तिला. सांगेल."

बरोबरचे दोघे फिस्कन हसले. तिथंच बिनसलं. प्रोमनं दस्ता घातला आणि पहिला रांजण फोडला. मग दुसरा. सगळं भळाभळा मातीत. थोनची आई फतकल मारून बसली आणि हातांनी तो चिखलातला प्राहोक वाडग्यात ओढायला लागली. कोंबड्या आल्या, कुत्री आली. प्रोमनं म्हातारीच्या हातावर बूट ठेवला आणि दाबला.  म्हातारी दुसऱ्या हातानं ओढतच राहिली. भूक बघितलेलं माणूस होतं ते.

मग तो तिसऱ्या रांजणाकडं वळला. बंदूक बगलेत मारली आणि एका हातानं काठ धरला, बोटं आतल्या बाजूला, रांजण उलटा करायला.

केओनं कोयता मारला.

मुंडकी उडवायचाच कोयता, रोजच्यासारखाच मारला. रांजणाच्या काठाचा टवका उडाला आणि प्रोमची दोन बोटं आत पडली. तो हाताकडं बघतच राहिला. मग जे बोंबलला! बंदूक सुटली आणि गोळी वर घराच्या फळ्यांतून गेली. केओ त्याच्या अंगावर गेली, परत मारला, खांद्यावर. मी तिथंच खांबाशी उभी, रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली, तुझी आई माझ्या कडेवर होती, तिच्या केसांत आली. ते दोघं पोरगेले होते, घाबरले, त्याला ओढत होडीकडं पळाले.

म्हातारी म्हणाली, "आता तू जा. ते माणसं घेऊन येतील आणि तुला चिरतील."

केओ म्हणाली, "पोरगी?"

"पोरगी तान्ही आहे. वाटेत रडेल आणि तुम्ही दोघी मराल. जा!"

भातवाल्यांच्या गाड्या काठावर उभ्याच होत्या. एकानं तिला पेंढ्याखाली घातलं. तिची छाती दुधानं भिजलेली, मी बघितली. सारिमचं तोंडसुद्धा धड बघू दिलं नाही आम्ही तिला.

राखणदार आले ते दहा-पंधरा. थोनची आई त्यांच्यापुढं पचकन थुंकली आणि म्हणाली, "गेली रांड, मासळीच्या व्यापाऱ्याचा हात धरून! सापडली तर मलाही कळवा, झिंज्या उपटायच्यात तिच्या." तिला मारलं, पण खरं वाटलं त्यांना. आम्हीही सगळ्यांनी तेच सांगितलं. ते व्यापाऱ्यांच्या होड्या धुंडाळत बसले, तेवढ्यानं केओ जगली.

आणि रांजण? हां, तेच विचारणार होतीस ना? म्हातारीनं पळीनं ढवळून एक बोट काढलं. दुसरं नाही सापडलं. मग काय, फेकून द्यायचं? मीठ टाकलं, झाकण लावलं, माझ्या घरी आणला. थोनला चावता येत नव्हतं, पेजेत तोच प्राहोक कालवून द्यायचो. म्हातारीनं तोच खाल्ला. सारिमला मी तुझ्या आईबरोबर पाजलं, आणि दूध यायला मी काय खात होते? तोच. नवा भात येईपर्यंत पुरला. ओकारी नको काढूस, लिही.

पण ते खोटं नंतर गावाला चिकटून बसलं. थोन मेला, म्हातारी मेली. राखणदार होते तोवर खरं सांगायची सोय नव्हती, आणि ते गेले तोवर सारिम मोठी झाली, सगळ्यांच्या तोंडून 'पळालेलीची पोर' ऐकत. केओ एकदा आली होती गं, सारिमच्या लग्नात. लेकीनं तोंडावर दार लावलं. म्हणाली, "व्यापाऱ्यानं टाकली वाटतं?" केओ तशीच परत गेली. बत्तम्बांगकडं संत्र्याच्या बागेत राबते अजून. पाय सुजलेत म्हणे तिचे.

सारिम तुमच्याच गल्लीत राहते ना, शिवणाच्या कारखान्यात जाते ती? हा कागद तिच्याकडं घेऊन जा. हातात देऊ नकोस, फाडून टाकेल. समोर बस आणि तूच वाचून दाखव, बोटांचंसुद्धा.