टाळूवरची दुहेरी वीण

मे महिना होता. नेरूळच्या त्या दोन खोल्यांत पंखा पाचवर फिरत होता आणि तरी अंगाला चिकटलेलं पातळ सुटत नव्हतं. अशा भर दुपारी सून मोनाली रंगूबाईपुढे मोबाइल धरून म्हणाली, "आई, हे असं लोकरीचं करून द्याल?"

रंगूबाईने चष्मा नाकावर चढवला. फोटोत टेबलावर पसरलेली एक विणलेली वस्तू होती. वर डोक्याला टोपी, आणि तीच टोपी खाली उतरून गळ्याभोवती गोल बंद झालेली. माकडटोपी म्हणावी तर सैल, शाल म्हणावी तर दोन्ही बाजूंनी जोडलेली. डोकं आणि मान एकदम झाकेल अशी एकच वस्तू रंगूबाईने आयुष्यात विणली होती, ती म्हणजे कुंची. आणि कुंची कोणाच्या अंगावर घालतात हे काही तिला कोणी शिकवायला नको होतं. मोनालीच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती. रंगूबाईने सुनेच्या पोटाकडे एक चोरटी नजर टाकली. तिला इतका आनंद झाला, की पाणी प्यायला उचललेला तांब्या तिने तसाच खाली ठेवला.

"कधीपर्यंत पायजे?" तिने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"आठ-दहा दिवसांत झालं तर बरं."

आठ-दहा दिवसांत? रंगूबाईच्या डोक्यातलं बारसं तिथेच अडलं. त्यात मोनालीने पर्समधून एक दोरा काढून तिच्या हातात दिला. दोऱ्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. "हे डोक्याचं माप," ती म्हणाली. रंगूबाईने दोरा ताणून बघितला आणि ती बघतच राहिली. एवढ्या डोक्याचं बाळ जन्माला आलं, तर आईचं काही खरं नाही.

"अगं, हाय तरी कुणासाठी ही?"

"माझ्या मैत्रिणीच्या भावासाठी. तो सिमल्याला असतो."

"सिमल्याला लोकर मिळत न्हाई व्हय?"

"मिळते ना. पण त्याला तुमच्या हातचंच पायजे. टेन्शन नका घेऊ आई, रंग कुठला पण चालेल. फक्त गोंडे-बिंडे नकोत, कान जाड पायजेत आणि टाळूवर डबल वीण."

"टाळूवर डबल कशापायी?"

मोनालीने पर्सची चेन लावली. "बर्फ पडतो ना तिकडे. डोक्यावर."

हे मात्र रंगूबाईला पटलं. बर्फ पडणार तर तो टाळूवरच पडणार. बारसं गेल्याची हळहळ उरली होती, पण हातच्या कामाचं कौतुक झालं की रंगूबाई विरघळते हे तिच्या सुनेला पक्कं ठाऊक होतं. रंगूबाई लगेच पिशवी घेऊन लोकर आणायला उठली.

क्रोशाची सुई तिच्या हातात आली ती या गावात आल्यावर. लग्न होऊन साताऱ्याकडून आली तेव्हा नेरूळ गावठाणात गोजराबाईंच्या चाळीत भाड्याची खोली होती. घरमालकीण असूनही गोजराबाई दुपारी ओट्यावर बसून तोरणं विणायच्या. नवी भाडेकरीण दिवसभर दारात बसून रस्त्याकडे बघते आणि रडते, हे त्यांना बघवलं नाही. "रडून काय व्हनार हाय? ये, साखली घालाला शिक," असं म्हणून त्यांनी सुई हातात दिली. रंगूबाई साखळी शिकली, मग खांब शिकली, आणि दोन वर्षांत गोजराबाईंच्याच लेकीच्या रुखवतात तिने विणलेला रुमाल मधोमध मांडला गेला. त्यानंतर सेक्टरा-सेक्टरातल्या किती रुखवतांत तिचे रुमाल गेले आणि किती बाळं तिच्या कुंच्यांत गुंडाळली गेली, याचा काही पत्ता नाही.

नवरा कृष्णात कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. एकतीस वर्षं त्याने गोण्या वाहिल्या, पाठीवरून आणि डोक्यावरून. मुलगा रणजीत बारावी पास झाला त्या दिवशी कृष्णातने गोणी ओढायचा आपला लोखंडी हूक दारावरच्या खिळ्याला अडकवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्या घरात ह्यो आता कुणी काढायचा न्हाई." स्वतःसाठी त्याने दुसरा घेतला आणि आणखी काही वर्षं काम केलं, पण तो खिळ्यावरचा हूक हलला नाही. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, एवढाच त्याचा उपयोग. पुढे कृष्णातच्या मानेचे मणके गेले, गळ्याला पट्टा आला आणि काम सुटलं. त्याचं त्याला फार दुःख नव्हतं. पोरगा तळोज्याच्या कंपनीत खुर्चीवर बसून कॉम्प्युटरवर मालाची नोंद करतो, हे तो दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत असे.

लोकरीच्या दुकानदाराने मे महिन्यात लोकर मागणाऱ्या बाईकडे नीट निरखून बघितलं. "काकी, दिवाळीनंतर या ना."

"तवा तुझं दुकान असंल, माझं काम नसंल. दे गुपचूप," रंगूबाई म्हणाली. माळ्यावरून खाली आलेल्या गुंड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिने राखाडी रंग घेतला. सिमल्याच्या अनोळखी बाप्याला लाल-पिवळं कुठे शोभणार?

काम सुरू झालं. मांडीवर ती लोकर, वरून घाम, सुई हातातून सटके. मान झाली, कान झाले. चार दिवसांनी टोपीचा घेर मिटवायची वेळ आली, तेव्हा तिला घालून बघायला डोकं हवं होतं. कुंची ती नारळावर घालून बघायची. एवढा नारळ कुठून आणणार? कृष्णात जेवून आडवा झाला होता. तिने हळूच जाऊन मोनालीचा तो दोरा त्याच्या कपाळावरून मागे नेला.

दोन्ही गाठी एकमेकींवर टेकल्या.

रंगूबाईला काही कळेना. कृष्णातचं डोकं हा त्यांच्या घरात थट्टेचाच विषय होता. आठवडी बाजारातली एकही टोपी त्याला बसायची नाही, मुद्दाम शिवून घ्यावी लागायची. रणजीतच्या लग्नात टोप्या वाटल्या तेव्हा सगळ्यांना मिळाल्या आणि बाप-लेक बोडके उभे राहिले, कारण दोघांचं माप एक. असं तिसरं डोकं सिमल्याला निघावं? तिने दोरा पुन्हा लावून बघितला. गाठी तिथेच टेकत होत्या.

म्हणजे ही रणजीतसाठी. मग सुनेने सिमला कशाला आणला मधे? आणि रणजीतला, या उकाड्यात? तिला हल्लीच्या एकेक गोष्टी आठवायला लागल्या. पोराचे ओठ उन्हाळ्यात फुटतात. घरी आला की सरबत नको म्हणतो, कडक चहा मागतो आणि कप दोन्ही हातांत धरून बसतो. परवा तिने त्याच्या कानाला हात लावला तर सोलल्यासारखा लाल. तिने ताप म्हणून काढा केला होता.

"तुज्या हापिसात लई गार असतं का रं?" संध्याकाळी तिने विचारलं.

"एसी असतो ना आई," रणजीत म्हणाला आणि मोबाइलमधे बघत राहिला.

एसी. बरं, एसी असेल. रात्रभर तिने स्वतःची समजूत घातली. सकाळी टाळूची दुसरी वीण घालायला बसली आणि पुन्हा अडली. सिमला गेला, म्हणजे बर्फही गेला. एसी काही डोक्यावर पडत नाही. मग टाळूवर डबल कशाला?

तिला काही सुचत नव्हतं, हात मात्र चालत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली. मधे जरा खोलगट राहिलं, कडेने वळ उठला. चौथ्या फेरीला तिने काम वर धरून बघितलं. हा आकार तिने आयुष्यभर केला होता, फक्त लोकरीत नाही. जुन्या लुगड्याचा पट्टा फाडायचा, पिळायचा, गोल गुंडाळून टाचायचा. दर दोन महिन्यांनी नवी. कृष्णातच्या डोक्यावर गोणीखाली ठेवायची चुंबळ.

ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. "मोनाली, रणजीत डोक्यावर काय उचलतो?"

मोनालीच्या हातातलं लाटणं थांबलं. तिला खोटं बोलायचं तर सिमल्याइतकंच जमत होतं, पुढचं नाही. "मासळीची खोकी," ती म्हणाली. "तुर्भ्याला, कोल्ड स्टोरेजमधे. कंपनी बंद पडली ना आई, ऑक्टोबरमधे. दुसरं काय मिळालंच नाय. आत एवढी थंडी असते, बाजारातली टोपी घातली तर कान जळतात. आणि खोकं टाळूला लागतं. बाबांना नका सांगू. बाबा खचतील म्हणतो तो."

रंगूबाई पिठाच्या डब्यावर बसली. पोराचा राग यावा तर त्याच्या सोललेल्या कानाची आठवण येई. कीव यावी तर आठ महिने आपल्याला फसवलं हे टोचे. आणि खिळ्यावरच्या हुकाखालून रोज बाहेर पडताना पोराला काय वाटत असेल, हा विचार मनात आला की ती तिथेच थबके. एक मात्र तिने ठरवलं. कृष्णातच्या नजरेला ही टोपी पडू द्यायची नाही. पोरगा खुर्चीवर बसतो, या एका गोष्टीवर तो माणूस मानेचं दुखणं सोसत होता.

पुढचे दोन दिवस ती चोरून विणत राहिली. कृष्णात आला की टोपी उशीखाली. शेवटच्या दिवशी दुपारी मोनाली बाहेर गेली होती. रंगूबाईने धागा कापला, टोक आत खोवलं, आणि मान वर केली तर कृष्णात दारातच उभा होता.

"बघू," तो म्हणाला.

"काय न्हाई वो, सिमल्याच्या..."

"आण हिकडं."

त्याने टोपी उलटी केली आणि टाळूच्या आत अंगठा फिरवला. खोलगट जागा, कडेचा वळ. बराच वेळ तो अंगठा फिरत राहिला. मग त्याने गळ्याचा पट्टा सोडला, खुर्चीवर ठेवला, आणि ती टोपी सरळ आपल्या डोक्यात घातली. बाहेर चाळीस डिग्री ऊन. राखाडी लोकरीतून त्याच्या फक्त मिशा आणि डोळे दिसत होते.

"आता ती तांदळाची पिशवी दे."

"अवो, डागदरनं सांगितलंय..."

"पाच किलो हाय. दे म्हनतो ना."

तिला काय करावं कळेना. नाही म्हणावं तर का म्हणून सांगायचं? तिने पिशवी उचलून दिली. कृष्णातने ती डोक्यावर ठेवली, दोन्ही हात सोडले आणि त्या एवढ्याशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालला. वळला. पुन्हा चालला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता.

तेवढ्यात दार ढकलून रणजीत आत आला. आज शिफ्ट लवकर सुटली होती. बापाला त्या अवतारात बघून तो उंबऱ्यातच थिजला. त्याने आईकडे बघितलं, आईने पदर तोंडाला लावला.

कृष्णात त्याच्यासमोर येऊन थांबला. मान न हलवता, सगळं अंग वळवून, जशी माथाडी माणसं वळतात.

"मागं सरकतंय थोडं," तो म्हणाला. "वल्या खोक्याला तर अजून सरकंल. आणखी एक पदर घालाय सांगतो तुज्या आईला."

रणजीतने पुढे होऊन बापाच्या डोक्यावरची पिशवी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. "बाबा, तुमाला कधी कळलं?"

"तू माझ्यासारखा वळाय लागलास तवाच. शिमग्याला. मग मार्केटात इचारलं, समदं कळलं." कृष्णातने टोपी काढून रंगूबाईपुढे धरली. लोकर घामाने ओली झाली होती.

रंगूबाईला रडू आवरेना. ती तशीच रडत खाली बसली, टोपी मांडीवर घेतली, खोवलेला धागा शोधून मोकळा केला आणि आणखी एका फेरीची साखळी घालायला लागली.