भोकाच्या पैशावरचा दुहेरी आकडा

ठोकलेल्या, घासलेल्या पैशाला काडीचं मोल नसतं, असं जुन्या नाण्यांचा धंदा करणारे सांगतात. सांगोत बापडे. माझ्याकडे असा एक पैसा आहे आणि त्याच्यापायी मी गोंदियाच्या भर बाजारात एका शेठजीशी भांडले. त्याची मला रतीभर लाज वाटत नाही.

मी घड्याळं दुरुस्त करते. दुकान नवऱ्याचं. तो जाऊन तीन वर्षं झाली; पण त्याच्या आधीही सात-आठ वर्षं त्याची नजर पार गेली होती आणि भिंग डोळ्याला मीच लावत होते. बोलायचा तो, पाहायची मी; बाहेर कुणाला हे कळू दिलं नव्हतं. बाई घड्याळ उघडून राहिली म्हटलं की गिऱ्हाईक बिचकत असे, म्हणून मी पडद्यामागे बसायची.

शेठजी दोन गल्ल्या पलीकडचे, जुन्या नाण्यांचा धंदा करणारे. नाण्यांच्या पुड्या आणायचे आणि म्हणायचे, "भाईसाहब, जरा देख दो." नवरा पुडी घेऊन पडद्याआड यायचा. मी पाहून त्याच्या कानात सांगायची, तो बाहेर येऊन ऐटीत सांगायचा. शेठजी खूश होऊन म्हणत, "आपके जैसी नजर पूरे जिले में नहीं." आणि मी त्यांना चहा नेऊन द्यायची. जळायची मी. नवऱ्यावर नाही हो, त्या बिचाऱ्याला तरी कुठं बरं वाटत होतं? त्या वाक्यावर जळायची.

तो गेल्यावर शेठजी भेटायला आले. डोळे पुसले आणि म्हणाले, "अब मेरे सिक्के कौन देखेगा?"

"मी पाहीन ना जी," मी म्हटलं.

ते हसले. "भाभी, आप तो चाय पिलाओ."

चहा पाजला. पण त्याच दिवशी मनाशी गाठ बांधली की या माणसाच्या तोंडून माझी नजर खरी आहे हे वदवून घ्यायचंच. त्याशिवाय मला चैन पडणार नव्हती.

आता पाहायचं म्हणजे काय, तर इंग्रजांच्या काळातला तांबड्या धातूचा भोकाचा पैसा घ्या. वरवर सगळे सारखे. भिंग लावलं की एकाच सालातल्या एका पैशावरचा मुकुट गोल दिसतो, दुसऱ्याचा वरून चपटा. कुठं सालाचे आकडे बारीक, कुठं ठसठशीत. साचा वेगळा की पैसा वेगळा. आणि क्वचित साचा घडवतानाच त्यावर ठसा दोनदा, जरासा सरकून बसतो. मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक पैशावर आकडा दुहेरी उमटतो. असा पैसा मिळाला की शौकीन लोक वाट्टेल तितकं मोजतात.

दोन वर्षं मी डबेच्या डबे उपसले. भंगारवाल्याकडून आणले, इथल्या जवळच्या गोरेगावच्या बाजारातून आणले. काही नाही. आणि सापडला कुठं? माझ्याच नाकासमोर! घड्याळाच्या साखळीपट्ट्याची पिन काढताना लाकडी ठोकळ्याच्या भोकावर आम्ही भोकाचा पैसा ठेवतो. लाकूड दबत नाही आणि पिन सरळ खाली पडते. नवऱ्याची जुनी रीत. त्या दिवशी ठोकळा पुसताना सहज भिंगातून पाहिलं, तर सालाचा शेवटचा आकडा दुहेरी. बारा वर्षं आम्ही दोघांनी त्याच्याच टाळक्यावर हातोडी चालवली होती. भोकाभोवती नुसते ओरखडे. कपाळावर हात मारला मी. पण आकडा काठाजवळ होता, म्हणून वाचला होता.

शेठजींना निरोप धाडला. ते आले तेव्हा गोरेगावकडचे एक शेतकरी काका घड्याळाचा पट्टा छोटा करून घ्यायला बसले होते. शेठजींनी पैसा भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "कुछ नहीं है भाभी. हथौड़ी की मार से अंक सरक गया है. कबाड़ है. डिब्बे के साथ तौल में दे दो."

माझं डोकं सणकलं. "हातोडी मी मारतो का तुमी? मार बसला की धातू दबते, चपटा होते. हा दुसरा आकडा उभा आहे, गोल आहे, आणि त्याची शेपटी फाटल्यावानी दोन झाली. हे साच्याचं काम आहे जी."

"औरतों का यही है. जहाँ-तहाँ सोना दिखता है."

"असं का? मंग भंगारच आहे ना?" मी त्यांच्या हातून पैसा घेतला. ठोकळ्यावर ठेवला आणि काकांचा पट्टा बरोबर त्या आकड्यावर टेकवून हातोडी उचलली.

"अरे रुको! भाभी, रुको!" शेठजींनी माझं मनगट धरलं.

"काऊन? कबाड आहे ना?"

"ठोका ना जी बाई," काका कुरकुरले, "माही बस निघून जाईन."

शेठजींच्या कपाळावर घाम होता. हळूच म्हणाले, "साँचे का है. डबल है."

"आयकू नाही आलं."

"साँचे का डबल है!" ते ओरडले. समोरच्या चपलावाल्यानंही ऐकलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग त्यांनी भाव सांगितला. ओरखड्यांमुळे निम्म्याहून कमी म्हणाले, तरी माझ्या चार महिन्यांच्या कमाईएवढा होता.

"विकायचा नाही," मी म्हटलं. काकांची पिन दुसऱ्या पैशावर काढली आणि त्यांना बसला धाडलं.

शेठजी हलेनात. "बेचना नहीं था, तो इतना झगड़ा किस बात का?"

"तुमी आजवर या दुकानातून जेवढे जुने पैसे दाखवून नेले ना शेठजी, ते समदे म्या पायले. पडद्यामागं बसून. आमच्या ह्यांना दिसतच नव्हतं."

शेठजींनी मान वर केली. मग ते भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहू लागले, जणू खरं-खोटं तोच सांगणार होता.

"तिकडं कायले पायता?" मी म्हटलं. "इकडं पाहा."